एकदाही बॉनेट उघडलं नाही

कामठीला लष्कराने लिलावात काढलेल्या ट्रकखाली रुपराव उताणा पडला होता. तिथून त्याला वरच्या जगातले फक्त वकीलसाहेबांचे पांढरे बूट दिसत होते. बूट सारखे जागा बदलत होते.

“रुपराव, हीच घेऊ या ना? रंग तर नवाकोरा आहे.”

“रंगच नवा आहे, वकीलसाहेब,” रुपराव खालूनच बोलला.

तो बाहेर आला. पुढच्या अ‍ॅक्सलचं बूच सोडून घेतलेलं तेल त्याने अंगठ्याने बोटांवर चोळलं आणि हात वकीलसाहेबांच्या नाकासमोर धरला. काळ्या तेलात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता.

“आतल्या गिअरचे दात खाल्ले गेले. पुढची चाकं जोडाचा दांडा टाकला तं टाकल्यासारखा वाटन, पण जोर मागच्या दोनच चाकांले. वाळूत बसली तं बसूनच राहीन थे.”

वकीलसाहेबांनी दोन पावलं मागे घेतली. तेल बुटावर पडेल ही त्यांना खरी काळजी होती.

हे एकोणसत्तर सालचं. धरमपेठेतले अ‍ॅडव्होकेट मुकुंदराव आणि त्यांचे चार मित्र यांनी नागपूरहून मोटारीने लंडनला जायचं ठरवलं होतं. मुंबईहून बोटीने गाडी इराणच्या बंदरात उतरवायची आणि पुढे वाळवंट, डोंगर, बर्फ तुडवत जायचं. असल्या वाटेला चारही चाकं खेचणारी गाडी लागते एवढं पाचही जणांनी पुस्तकात वाचलं होतं. गाडीतलं त्यांना हॉर्न तेवढा वाजवता येत होता. रुपरावने मात्र लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं याच गाड्या उघडल्या आणि मिटल्या होत्या. त्याने दुरुस्त केलेल्या गाड्या पार लडाखपर्यंत जाऊन आल्या. तो स्वतः वर्कशॉपच्या पत्र्याखालून हलला नाही. आता कॉटन मार्केटजवळ त्याचं छोटंसं गॅरेज होतं. तिथे मुकुंदराव आपल्या पायांनी चालत आले होते आणि म्हणाले होते, “गाडी तुम्ही निवडायची आणि मेकॅनिक म्हणून सोबतही तुम्हीच यायचं. सहावी जागा तुमची.”

आणखी दोन गाड्या रुपरावने नापास केल्या. शेवटी मैदानाच्या कोपऱ्यात, पोचे आलेली, एक दिवा फुटलेली एक टन ओझ्याची लष्करी ‘वनटन’ गाडी त्याला दिसली. मुकुंदरावांनी तोंड वाकडं केलं. रुपरावने तिचं तेल चोळलं, वास घेतला, शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला आणि ओळखीच्या हवालदाराला गळ घालून ती थेट कन्हान नदीच्या वाळूत नेली. तिथे मुद्दाम चाकं अर्धी रुतेपर्यंत थांबला, मग पुढची चाकं जोडणारा छोटा दांडा ओढला. चिखलातून म्हैस उठावी तशी गाडी सावकाश, कुरकुर न करता वर आली.

“हे घ्या,” तो म्हणाला. “दिसाले काळी, पण नांदणारी आहे.”

मग दोन महिने त्याने दुसरं काम घेतलं नाही. इंजिन खोललं, घासलं, पुन्हा बसवलं. पाण्याची टाकी वाढवली, वाळूत चाकांखाली टाकायला लोखंडी पट्ट्या केल्या. दुसऱ्याचा कोट अंगात घालून फोटो काढला, पासपोर्टचा अर्ज गेला. पोलीस चौकशीला आला तेव्हा सारी गणेशपेठ दारात उभी राहिली आणि त्या दिवसापासून रुपरावचं नाव ‘लंडनवाले’ पडलं. त्याच्या बायकोने, प्रेमिलाने, जन्मात कधी विणलं नव्हतं तरी शेजारणीकडून शिकून त्याच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. नागपूरच्या मार्चमध्ये मांडीवर लोकर घेऊन बसणं म्हणजे काय ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

“थंडी लय राहते म्हणते तिकडं,” ती म्हणायची. “बाह्या लांब ठेवून राहिली मी.”

“लांबच ठेव वं. हात झाकले पाहिजे, नाहीतं साहेब लोकांले ग्रीस दिसन.”

निघायला चार दिवस उरले असताना मुकुंदरावांच्या दिवाणखान्यात चहा झाला. पाचही जण होते. कप खाली ठेवत मुकुंदरावांनी सहज विचारलं, “रुपराव, गाडी वाटेत बिघडण्याचा संभव किती?”

एवढ्या शिकलेल्या लोकांत कोणी त्याला असं विचारत होतं. रुपरावची छाती फुगली.

“बिघडन काहून? लंडनहून वापस येईस्तोवर दुरुस्तीसाठी बॉनेट उघडाचं काम नाही पडत. तेल-पाणी पाहा, बस. माहा शब्द आहे.”

“वा,” मुकुंदराव म्हणाले आणि मित्रांकडे पाहून हसले.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर आले. बोलताना टायरकडे पाहत होते.

“तुम्हीच म्हणालात, मेकॅनिकचं काही काम पडणार नाही. मग एक जागा अडवायची कशाला? आमच्यातले चौघे शाकाहारी. तिकडे जेवणाचे हाल. म्हणून आमचे आचारी दत्तोपंत येताहेत. त्यांचा पासपोर्ट तयार आहे.”

रुपरावच्या हातात पाना होता. तो तसाच राहिला. त्याच्या स्वतःच्या पासपोर्टला दोन महिने लागले होते. दत्तोपंतांचा काही रातोरात निघाला नव्हता. म्हणजे वरणभाताची सोय कधीच झाली होती आणि कालचा प्रश्न नुसता त्याच्या तोंडून वदवून घ्यायला होता. उत्तर आधी ठाऊक असल्याशिवाय वकील प्रश्न विचारत नाही, हे त्याला आता कळलं. गरज सरो, वैद्य मरो. आणि वैद्याने स्वतःच लिहून दिलं होतं, की रोगी ठणठणीत आहे.

“बरं,” एवढंच तो म्हणाला.

हत्यारांची पेटी आठवडाभर आधीच बांधून सीटखाली ठेवली होती. वरून सुताची दोरी आणि त्याच्या खास लष्करी गाठी. आत, हत्यारांच्या तळाशी, डांबरगोळ्या घातलेला तो स्वेटर होता. तो काढून घ्यायचं गाडी निघताना त्याच्या मनात आलं, पण त्याने पेटीला हात लावला नाही. कुठेतरी गाडी अडेल, पेटी उघडावी लागेल, स्वेटर दिसेल आणि त्या पाचांपैकी एकाला तरी त्याची आठवण येईल. स्वतःच्या हाताने उभी केलेली गाडी बंद पडावी असं आपल्याला वाटतंय, याची त्याला लाज वाटली. तरी वाटायचं ते वाटलंच.

सहा महिने मुकुंदरावांची पत्रं वर्तमानपत्रात छापून येत होती. वाळवंट पार केलं, गाडी उत्तम. बर्फ लागलं, गाडी उत्तम. रुपराव चहाच्या टपरीवर ती वाचायचा. अभिमानही वाटायचा आणि घोट कडूही व्हायचा. गल्लीतली पोरं ‘लंडनवाले’ म्हणतच होती. प्रेमिलाने स्वेटर कुठे आहे म्हणून विचारलं तेव्हा “गॅरेजवर आहे” असं त्याने सांगितलं.

परत आल्यावर सत्कार झाला. रुपराव शेवटच्या रांगेत उभा होता. पाच हार पाच जणांना पडले, सहावा दत्तोपंतांना. मुकुंदराव भाषणात म्हणाले, “बारा हजार मैलांत दुरुस्तीसाठी एकदाही बॉनेट उघडावं लागलं नाही. तेल-पाणी वरच्या वर पाहिलं, एवढंच. आमच्या निवडीला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं?” टाळ्या झाल्या. ‘आमच्या’ हा शब्द रुपरावने नीट ऐकला.

दोन दिवसांनी गाडी धुवायला त्याच्याकडेच आली. मडगार्डखाली जमलेली देशोदेशीची माती त्याने पाण्याने सोडवली. पिवळी, राखाडी, लाल माती कॉटन मार्केटच्या गटारात वाहून गेली. मग त्याने सीटखालून पेटी ओढली. गाठी जशा मारल्या होत्या तशाच होत्या.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा प्रेमिला भाकरी थापत होती. त्याने स्वेटर तिच्यासमोर ठेवला. “गॅरेजवर नव्हता, गाडीतल्या पेटीत होता,” तो म्हणाला. तिने हात पुसले, घडी उलगडली, नाकाशी नेली. डांबरगोळ्यांशिवाय कसलाच वास नव्हता.

“लंडनले गेला होता हा?” तिने विचारलं.

“हाव.”

“मंग कोणी घातला कसा नाही जी?”

“गाडी बिघडलीच नाही,” रुपराव म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग लांब ठेवलेल्या बाह्या पहिल्यासारख्या आत दुमडल्या आणि स्वेटर पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवला.