अंगठा

मातीला हात लावेल तर ती प्रतीक्षा कसली! अमरावतीला शिल्पकला शिकायला गेली आणि पोरीनं माती सोडून सगळं हाताळलं. टायरच्या ट्यूबा झाल्या, बारदाना झाला. सरकीच्या ढेपेचा बैल केला, तर तो शेजारच्या गायीनं खाऊन टाकला.

शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी मात्र तिला बापाचा हात हवा होता. देवराव अकोल्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते; आता आजारानं खाटेला खिळलेले. माणूस पोरीवर जीव टाकायचा, पण जन्मात कधी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. लाजायचे बिचारे. म्हणून आपला हात धरलेला त्यांचा हात तिला प्लास्टरमध्ये करून ठेवायचा होता.

दाताचे डॉक्टर बत्तीशीचा साचा घेतात ती गुलाबी भुकटी तिनं अकोल्याला घरी येऊन बादलीत कालवली. बापलेकीनं हातात हात धरून आत बुडवले.

"हलू नका, बाबा. आता हे घट्ट होते."

"नाई हलत."

जरा वेळानं त्यांचा अंगठा हलला.

"बाबा!"

पुन्हा हलला.

"लहान लेकरू आहे का तुमी? कावून हलून राहिले?"

देवराव ओशाळले. "चुकलं, माय."

साच्यात प्लास्टर ओतलं, संध्याकाळी साचा फोडला. नखं, शिरा, पान्यानं पडलेले घट्टे, सगळं हुबेहूब. अंगठ्याचा मात्र नुसता लगदा. प्रतीक्षाचं डोकंच फिरलं.

"सत्यानास केला तुमी!"

"पुन्हा करू ना. ये तू आयतवारी."

ते हात पोत्यात गुंडाळून तिनं खाटेखाली ढकलले आणि धड न बोलता अमरावतीची बस धरली. शुक्रवारी देवराव गेले.

जलदान विधी आटोपल्यावर तिची आई जाईबाई खाटेखाली झाडायला वाकली, तर पोतं हाताला लागलं. तिनं ते उलगडलं आणि प्लास्टरचे ते दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. प्रतीक्षा जवळ सरकली. त्या दिवशी रागाच्या भरात तिनं फक्त अंगठाच पाहिला होता. आता त्याच्या पुढे पाहिलं. अंगठा जिथवर फिरला होता, तिथवर प्लास्टरवर ओळ उमटली होती. ती ओळ तिच्याच हाताच्या पाठीवरून गेली होती, मनगटापर्यंत आणि परत.

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"आई वं, बाबा मले कुरवाळून राहिले होते. अन् मी म्हटलं, हलू नका."