टोकं मोडलेली भेंडी

टार्निट स्टेशनजवळच्या दुकानांबाहेर दर रविवारी चित्रलेखा भाजीचं टेबल मांडायची. शिकायला म्हणून नाशिकहून परदेशी आलेली ही मुलगी लग्न करून इथलीच झाली होती. वेअरहाऊसमध्ये ओझी उचलून नवऱ्याची पाठ कायमची गेली, तेव्हापासून घर त्या टेबलावर चाललं होतं.

निहारिका तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. इंजिनिअर, बोलायला गोड, पण भाजी निवडताना भलतीच चोखंदळ! प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघायची. कटकन मोडलं तर पिशवीत, नुसतं लवलं तर परत ढिगात. मूठभर घ्यायची आणि ढीगभर नासवून जायची.

“ताई, मोडू नका हो. तशी भेंडी मग कोणी घेत नाही,” चित्रलेखा विनवायची.

“अगं, मग बघून नको का घ्यायला?” असं म्हणून निहारिका पुढची भेंडी उचलायची.

एकदा जेवताना तिची लेक ओवी म्हणाली, “मम्मा, आमच्या क्लासमधल्या मयूराच्या डब्यात एव्हरी डे भेंडीच असते. विथ नो टेल्स! सगळे हसतात, म्हणून ती आता टॉयलेटमध्ये बसून खाते.”

“कोण गं मयूरा?”

“भाजीवाल्या आंटीची मुलगी.”

पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी, नीलाताईंनी, सुनेकडे रोखून पाहिलं. निहारिका चाचरत म्हणाली, “आई, भेंडी मोडून घ्यायची हे तुम्हीच तर शिकवलंत!”

“शिकवलं, चुकलं माझं. पण सुपरमार्केटात मोडतेस का गं?”

निहारिका उगाच ओवीच्या ताटात भात वाढू लागली.

“तिथे पाटी असते, कॅमेरा असतो, म्हणून हात बरोबर आवरतो. ही बाई आपल्यातली, मराठीत हात जोडते, तर तिचं ऐकायचं नाही? अगं, तू मोडून टाकलेलं त्या पोरीच्या पानात पडतंय!”

निहारिकाने ताट बाजूला सारलं. लाजेने तिला रडू आलं.

रविवारी ती सकाळीच टेबलाशी पोचली. “चित्रलेखा, माझं चुकलं. मोडलेली असेल नसेल ती सगळी भेंडी मला दे.”

“आज भेंडी आणलीच नाही, ताई. आहे तेवढी मेथी संपवतेय.” चित्रलेखाच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “नुकसान सोसवेना. जागेचा परवाना सोडला मी. उद्यापासून कामाला जातेय.”

“कुठे?”

“वेअरहाऊसमध्ये. यांची पाठ गेली, तिथेच.”

निहारिकाने उरलेली सगळी मेथी घेतली. त्याने काय होणार होतं! पुढच्या रविवारी तिथे टेबल नव्हतं. घरी तिने ओवीला जवळ घेऊन सांगितलं, “उद्यापासून मयूराशेजारी बसून डबा खायचा.” तिच्या हातात आता तेवढंच उरलं होतं.

वाचकहो, रस्त्यावर माल मांडलेला असला, तरी आपण पैसे देईपर्यंत तो विकणाऱ्याचा असतो. डोळ्यांनी निवडा, हलक्या हाताने उचला. आपण मोडून मागे टाकतो, ते कोणाच्या तरी लेकराला खावं लागतं!