मागचे दिवे

"बाबांना बूट-कपड्यांच्या दुकानात नेऊ नकोस," आईने बजावलं होतं. "घरी आल्यावर तोंडातून शब्द काढत नाहीत मग."

मी ते हसण्यावारी नेलं. माझ्या लेकीला, ठमीला, बूट हवे होते, आणि तिला एकटीने सांभाळत खरेदी करायची म्हणजे माझा जीव टांगणीला. काचेचं दार दिसलं, की ही त्याच्या फटीत बोट घालणारच.

बाबा वकील. जन्मभर बुडीत दुकानांची कामं केली. पाटीवर नाव मोठ्या कंपनीचं, कर्ज मात्र दुकानदाराच्या डोक्यावर, अशी दुकानं. ती बसली की बँक, माल पुरवणारे, खुद्द ती कंपनी, अशा घेणेकऱ्यांच्या बाजूने बाबा उभे राहायचे. शेवटी किल्ल्या ताब्यात घ्यायचं कामही त्यांच्याचकडे.

आत शिरताच ते थबकले. "मागचे दिवे बंद आहेत."

"वीज वाचवत असतील हो. बसा बघू तुम्ही."

तेवढ्यात ठमीने खालचं एक खोकं ओढलं आणि अख्खी चळत कोसळली. सगळी खोकी रिकामी. मी धावले. टाय लावलेला मालक माझ्याआधी पोचला.

"राहू द्या ताई, बाळाला लागलं नाही ना?" त्याने खोकी पुन्हा रचली, नावं पुढे येतील अशी. मग गुडघ्यावर बसून तो ठमीला म्हणाला, "राणीसरकार, पाय द्या इकडे. तुमच्या मापाचा एकच जोड उरलाय."

राणीसरकारांनी त्याचा टाय धरला.

"किल्ल्या कधी द्यायच्यात?" बाबांनी विचारलं.

"बाबा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने मान वर केली नाही. "सोमवारी."

"घरी माहीत आहे?"

तो बुटाचा पट्टा लावत राहिला, सोडत राहिला. "बायकोला वाटतंय, धंदा जरा मंदा आहे. तुम्ही बँकेकडून आलात?"

"नातीचे बूट घ्यायला आलोय. पण कायम त्याच बाजूने उभा राहिलो, म्हणून सांगतो. किल्ल्या एकट्याने देऊ नका. घरचं माणूस शेजारी नसेल तर मी किल्ली घेतच नाही. कोर्टात हसतात मला. पूर्वी घ्यायचो."

"मग?"

"एकाकडून घेतली. तो घरी पोचलाच नाही."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ठमीला मी उचलून घेतलं, उगीचच घट्ट.

"आत्ताच लावा फोन," बाबा म्हणाले.

"काय सांगू तिला?"

"नुसतं दुकानात ये म्हणा. समोर बसली की आपोआप निघेल तोंडातून."

त्याने फोन लावला. बायको येईपर्यंत बाबा स्टुलावरून हलले नाहीत. ठमी पेंगली, माझी चिडचिड झाली, तरी नाही. ती धापा टाकत आली तेव्हा बाबांनी उठून तिला आपलं स्टूल दिलं आणि आम्ही निघालो.

वळणावर मी मागे पाहिलं. दुकानातले मागचे दिवे लागले होते. रिकाम्या खोक्यांमध्ये दोघं बसले होते, आणि तिने त्याचा टाय सैल केला होता.

तुमच्याही रस्त्यावर असं एखादं दुकान असेल, मागचे दिवे बंद असलेलं. आज जाता जाता आत डोकावा. काही घेतलं नाही तरी चालेल. गल्ल्यावरच्या माणसाला एवढंच विचारा, घरी सांगितलंय का.