पाहुणीचा कप

टॅनिस चार वर्षांची असताना सरकारी बाई गाडी घेऊन आली होती. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, एवढ्यावरून तिने पोरीला उचललं आणि विनिपेगला परक्या घरी नेऊन ठेवलं. पंचवीस वर्षांनी टॅनिस आईकडे परतली, त्याला तीन आठवडे झाले, तरी ती अजून पाहुणीच होती. आई तिला सोनेरी काठाच्या कपात चहा द्यायची, भांडी घासू द्यायची नाही. सगळ्या गावाची टोपी उडवणारी डेल्फीन मावशी तिच्याशी मात्र गोड गोड बोलायची. कॅनडातल्या क्री आदिवासींच्या ह्या गावात ज्याची थट्टा होत नाही तो परका, हे टॅनिसला कळून चुकलं होतं.

अशा उचलून नेलेल्या मुलांना सरकार आता नुकसानभरपाई देणार होतं; आज मावशी टॅनिसचा अर्ज भरत होती. ‘मुलीला नेलं त्या दिवशी काय घडलं?’ हा रकाना मावशीने वाचला, तशी आई खिडकीतून रस्त्याकडे बघू लागली. टॅनिसला ते बघवेना. ती उठली आणि तव्यावर बॅनॉकची रोटी भाजू लागली. रोटी करपली, वर दगडासारखी कडक झाली.

“छान झालीय हो,” मावशी म्हणाली.

आईने एक तुकडा कसाबसा चावला. “छान कसली डोंबलाची! त्या दिवशी ही रोटी माझ्या हाताशी असती ना, तर गाडीची काच फोडून परत आणलं असतं तुला.”

मावशी खो खो हसत सुटली. टॅनिसही हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

“पुरे आता,” आई स्वतःचे डोळे पुसत म्हणाली. “तवा करपवलास, तो घासणार कोण?”