मास्तरांच्या पोटऱ्या

मास्तरांच्या शिलाई मशीनला मोटर बसवून दिली ती लेकीनेच. चाळीस वर्षं पॅडल मारून बाप दमला असेल, आता बसल्या जागी शिवू दे, या मायेपोटी. मास्तरही येईल-जाईल त्याला ती कौतुकाने दाखवत. दोन वर्षांत ते खुर्चीला असे चिकटले, की लेक त्यांना दुकानातला पुतळा म्हणू लागली.

मग एक दिवस डावी पोटरी टम्म फुगली. शिरेत रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं, बसून राहिलात की तिथेच साचतं. पुन्हा गाठ होऊन फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल.

पण हातात काम नसताना रस्त्याने फिरायची मास्तरांना लाज वाटे. मोटर काढून पॅडल जोडू का, असं लेकीने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आनंदाने मान डोलावली. मास्तर मात्र विषय बदलायचे. मोटरवर शिवण कशी सरळ येते, ते सांगत बसायचे. शेवटी ती रडकुंडीला आली, तेव्हा ते हळूच म्हणाले,

"तू हौसेने आणलीस गं. काढली तर तुला वाटेल, तुझ्यामुळेच मला हे झालं."

"ते तर रोजच वाटतंय, बाबा. काढा ना."

मास्तरांनी मोटरीचे स्क्रू काढायला पेचकस तिच्या हातात दिला.

पहिल्याच दिवशी गडी पेटला. एका बैठकीत अठरा अभ्रे! डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. सवय नसलेल्या शरीराला एकदम जुंपलं तर रक्त उलट गोठायला बघतं, रोज थोडं थोडं वाढवलं तरच रक्त आणि हृदय दोन्ही वळणावर येतात. मग मास्तर दोन अभ्र्यांवर आले, हळूहळू चारांवर. मधेच उठून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारू लागले. कोणी हटकलं तर म्हणायचे, दोरा आणायला चाललोय.

सहा महिन्यांनी ते लेकीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, कुठेही न टेकता चढून आले. कडेवरचं लेकरू खाली ठेवून तिने दारातच त्यांच्या गळ्यातली टेप ओढली आणि खाली बसून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. दोन्ही साडेतेरा इंच. तिने पुन्हा मोजल्या.

"टेप सैल धर गं," मास्तर म्हणाले, "अशी मापं घेतलीस तर गिऱ्हाईक टिकायचं नाही."