न काढलेलं दार

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत येऊन संध्याला अकरा वर्षं झाली. वनस्पतिशास्त्राची पदवी कपाटात होती आणि ती स्वयंपाकघरात. आता इगतपुरीहून बोलावणं आलं होतं. घाटातल्या वनस्पतींच्या पुस्तकासाठी शाईची चित्रं काढायची, आठवड्यातून दोन दिवस. चित्रांचे नमुने घेऊन आजच जायचं होतं, नाही तर काम दुसऱ्या बाईंना मिळणार होतं.

नवऱ्याला, हर्षलला, तिनं तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तो "बघू" म्हणाला. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

ती साडीच्या निऱ्या करत होती, तेवढ्यात सासूबाईंनी, सिंधुबाईंनी, नमुन्यांची फाइल उघडली. पानं, शेंगा, मुळं, आणि मध्येच एक वेगळा कागद. त्यावर जेमतेम पाच रेघा. छटा नाही, नाकडोळे नाहीत. खांद्यापासून निघालेली एक रेघ न तुटता वर गेलेली आणि हाताशी थांबलेली.

"अगं बाई, हा तर आपला हर्षल! दारात आडवा कशाला उभा हाय?"

तो कागद बाजूला काढायचा संध्याकडून राहूनच गेला होता.

बाहेरच्या दाराशी उभ्या हर्षलनं हात लांब करून तो घेतला. "आई, यात दार कुठंय?"

"नाय का?" सिंधुबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "मला तर दिसलं बाई."

त्यानं कागद जवळ धरला, मग लांब धरला. "मी असा उभा राहतो?"

संध्यानं निऱ्या खोचल्या.

"हा हात खाली घे. एवढं बदल, मग तुझं बघू."

"शाई आहे," ती म्हणाली. "खोडता येत नाही. खाली घ्यायचा तर तुलाच घ्यावा लागेल."

त्याची नजर वर गेली. एका हातात कागद होता, दुसरा चौकटीवर. सिंधुबाई खुदकन हसल्या.

त्यानं हात काढला. तो कुठं ठेवावा हे मात्र त्याला सुचेना, आणि उंबऱ्यावरून तो हललाही नाही. त्याच्या खांद्यात आणि चौकटीत वीतभर जागा होती. सरळ चालत जाण्याइतकी नव्हती. गाडीला पाऊण तास उरला होता. संध्यानं फाइल छातीशी धरली, अंग चोरलं आणि त्याला घासून बाहेर पडली.

"पोळ्यांच्या वेळेला तरी ये," मागून हर्षल म्हणाला.

"येते," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.