मागच्या दारातला जळफळाट

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिलं. गोष्ट जळण्याची आहे ना. आपण कुणावर किती जळलो हे कोण आपणहून सांगत बसतं? पण एका मैत्रिणीला शब्द दिलाय, आणि शब्द चारचौघांना माहीत असला की मोडवत नाही. म्हणून सांगून टाकते.

तर मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पाणी चढवणारी नाही, गाडी पळवणारी तर नाहीच. गाडीच्या दारात, पत्र्याच्या पोटात बसते. बटण दाबलं की मी फिरते आणि काच वर-खाली होते. एवढंच काम. दिसायला काळी, तळहातावर मावेन एवढी.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. तांब्याची तार गुंडाळणारी बाई शिंकली की एखादा वेढा सैल बसायचा म्हणे. मी तिच्या न शिंकलेल्या वेळची. मला वजन उचलायला लावलं, मी उचललं, आणि टेबलाच्या टोकाचा माणूस म्हणाला, "पास." ती मला मिळालेली पहिली शाबासकी. पुढे कितीतरी वर्षं तीच शेवटची होती.

माझ्याच खोक्यात माझ्याशेजारी आणखी एक मोटर होती. अगदी माझ्यासारखी. आम्ही एकाच गाडीत, एकाच बाजूला बसलो. ती पुढच्या दारात, मी मागच्या. सगळं दुखणं इथूनच सुरू झालं.

गाडी घेतली एका शिंप्याने. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, बायकोसुद्धा. दुकानात उरलेल्या कोटाच्या कापडाची सीटकव्हरं त्याने स्वतः शिवली. गाडी आतून नवरदेवासारखी दिसायची. मास्तर गाडी चालवायचे, बाई शेजारी बसायच्या. मागे त्यांची लेक, तेव्हा लहान. ती माझ्या काचेवर वाफ सोडून चेहरे काढायची. माझ्या वाट्याचं काय ते कौतुक तेवढंच.

एकदा पुढची काच खडखडायला लागली. बाई म्हणाल्या, "अहो मास्तर, ही काच माझ्या दाढेत वाजतेय. काहीतरी करा, नाहीतर मी चालत येते."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानातून काहीतरी आणलं, पुढच्या दारापाशी बराच वेळ खुडबूड केली, आणि खडखड थांबली. काय केलं ते मला मागून दिसलं नाही. तेव्हा मी विचारलंही नाही. कुणाच्या दारात काय चाललंय याची मला तेव्हा पडलेली नव्हती.

मग दिवस पालटले. लेक मोठी झाली, नोकरीला लागली. मास्तरांचे डोळे अधू झाले. जवळची सुई दिसायची, लांबचा सिग्नल दिसेना. एका सकाळी लेकीने काही न बोलता गाडीची किल्ली हातात घेतली आणि मास्तर काही न बोलता शेजारच्या सीटवर जाऊन बसले. तेव्हापासून रोज तसंच. ती त्यांना दुकानावर सोडायची आणि पुढे कामाला जायची. मागची सीट रिकामी. मागे फक्त छत्री आणि मी.

त्याच सुमारास पुढची मोटर मंदावली. काच अर्ध्यावर जायची आणि थांबायची. घुंऽऽ घुंऽऽ करायची.

आणि मित्रांनो, तिथून तिचे लाड सुरू झाले.

मुलगी बटण दाबायची आणि म्हणायची, "हं, ढकला." मास्तर काचेला आतून-बाहेरून दोन्ही तळहात लावायचे, कोटाची घडी उचलावी तसे हलक्या हाताने, आणि काच वर सरकवायचे. "चल गं बाई. अजून थोडी. शाबास." मग मुलगी म्हणायची, "तुम्ही मला कधी असं शाबास म्हणाला नाहीत हो." मास्तर म्हणायचे, "तू कधी अडकलीसच नाहीस."

दोघं हसायची. त्या वाटेवर दोघांचं बोलणं तसं कमीच. किल्लीच्या त्या सकाळपासून काहीतरी राहून गेलं होतं मधे. पण काचेपाशी रोज बोलायची. हं, ढकला. चल गं. शाबास.

मी मागे बसून ऐकायची. आतल्या आत नुसता जळफळाट. का? तर मी नीट चालत होते. बटण दाबलं की सर्रकन वर, सर्रकन खाली. दाबणारं कुणी नव्हतं ती गोष्ट वेगळी. मी मनात म्हणायची, बघा, कामचुकारांना शाबासकी आणि आमच्या वाट्याला छत्री. एकदा चुकून माझं बटण दाबलं गेलं, तर मी मुद्दाम अडकून बघितलं. अर्ध्यावर थांबले. कुणाच्या लक्षातच आलं नाही. अडकायलासुद्धा समोर माणूस लागतं.

मग तो पावसाचा दिवस आला. पुढची काच खाली राहिली ती राहिलीच. मास्तरांच्या मांडीवर गिऱ्हाइकाचा नवा कोट होता, तो भिजून पोतेरं झाला. मुलगी गॅरेजमध्ये गेली. गॅरेजवाल्याने दार न उघडताच सांगितलं, "मोटर गेली. या मॉडेलची आता मिळत नाही."

त्या रात्रीच्या जेवणानंतर अंगणात, गाडीशेजारीच, मुलीचं बोलणं मी ऐकलं. "बाबा, पुरे झालं. उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय. मी ऑफिसच्या बसने जाईन, तुम्ही तुमच्या बसने."

मास्तर म्हणाले, "मग सकाळी आपण..."

"काय सकाळी?"

"काही नाही. संध्याकाळपर्यंत मी काच चालू केली तर?"

"तर ठेवू. पण बाबा, गॅरेजवाला नाही म्हणाला."

"तो गॅरेजवाला आहे. दारसुद्धा न उघडता नाही म्हणाला. मी काय कोट न उसवता दुरुस्त करतो का?"

सकाळी मास्तर गाडीच्या दारापाशी खाली बसले. मुलीने सुट्टी घेतली होती. दार मोजायला मास्तरांनी खिशातून टेप काढली, सवयच ती, आणि परत ठेवली. बाई पायरीवर बसून बघत होत्या. मास्तरांची युक्ती सोपी होती. मागे कोण बसतं? मागची मोटर काढायची आणि पुढे लावायची. पुढची मागे टाकून द्यायची.

म्हणजे मी. पुढे. इतकी वर्षं जळल्याचं चीज झालं म्हटलं.

आधी दोन्ही काचा वर चढवून चिकटपट्टीने वरच बांधून ठेवल्या, घसरू नयेत म्हणून. मग आतलं पॅनल सुटलं, आतला प्लॅस्टिकचा कागद निघाला, पाना फिरला आणि मी बाहेर आले. किती उजेड. आम्हा दोघींना एका जुन्या चादरीवर शेजारी शेजारी ठेवलं. खोक्यातून निघाल्यापासून पहिली भेट. तिला जळका वास येत होता.

"दमलेय गं," ती म्हणाली.

"दमायला काय झालं? गोंजारतात तर सगळे तुलाच."

ती चादरीवर जरा कलंडली. मला वाटलं, अपराधी वाटत असेल. बरं झालं.

मला पुढच्या दारात बसवलं, तिला मागच्या. पट्ट्या काढल्या. मुलगी आत बसली. "दाबू?"

"दाब."

खालचं बटण दाबलं तशी काच खाली आली, ती बरीचशी स्वतःच्या वजनाने. मग वरचं बटण दाबलं. मी झेप घेतली आणि... मित्रांनो, काच हलेना. म्हणजे हलली, पण अशी, जणू वरून कुणीतरी खाली ढकलतंय. मी ओढते, ओढते, अंगातून आग उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली. अर्ध्यावर थांबले. घुंऽऽ.

"हीपण गेली," मुलगी म्हणाली.

मी. जी खरोखर कधी अडकली नाही ती मी.

आणि वरून मीठ चोळायला म्हणून की काय, मुलीने मागचं बटण दाबून बघितलं. माझ्या दारात, माझ्या काचेवर, ती दमलेली, जळका वास येणारी मोटर सर्रकन वर गेली. माझ्याहून भरभर. तेव्हा मी जितकी जळले तितकी आयुष्यात जळले नव्हते.

पायरीवरून बाई म्हणाल्या, "मास्तर, भंगारवाल्याला चहा ठेवू का?"

"थांब गं आई," मुलगी म्हणाली. ती पुढचं दाबायची, मागचं दाबायची, परत पुढचं. "बाबा. ही पुढे आजारी होती, मागे गेली आणि बरी झाली. ती मागे बरी होती, पुढे आली आणि आजारी पडली. मग आजारी कोण आहे? मोटर नाही. हे दार आहे."

मास्तर उठले. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्यात त्यांनी बोट घातलं आणि वरून खाली फिरवत आणलं. मधेच बोट थांबलं. चेहरा असा झाला की जणू ओळखीचं कुणीतरी भेटलं.

"बकरम," ते म्हणाले.

"काय?"

"कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कापड. मीच घातलंय. तुझ्या आईला खडखड नको होती ना, म्हणून चार घड्या करून खाचेत ठोकलं होतं. पावसाने फुगलं आणि लाकूड झालं बघ."

बाई पायरीवर हसून हसून आडव्या झाल्या. "यांनी काचेला कॉलर लावली. मी म्हटलं खडखड थांबवा, काही ताठ कॉलर मागितली नव्हती."

मुलगी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हीच अडवायचं आणि तुम्हीच ढकलायचं."

"हो. आणि शाबासकी त्या मोटरला," मास्तर म्हणाले.

मी दाराच्या पोटात सगळं ऐकत होते. इतकी वर्षं. रोज सकाळी. हे वजन तिने एकटीने ओढलं होतं. मी एका दमात अर्ध्यावर आले आणि मला अंधारी आली. मास्तरांचा हात लागला की क्षणभर हलकं वाटत असेल, तेवढेच काय ते तिचे लाड. आणि मी नीट चालत होते कारण माझ्या वाटेत काही नव्हतं. कामही नव्हतं.

मग तिघंही कामाला लागली. बाईंनी कोमट पाणी आणलं. मुलीने इस्त्रीच्या वेळी पाणी मारायच्या बाटलीने खाच भिजवली. मास्तर दाभणाने बकरम उकरत राहिले. डोळे मिटूनच, बोटांनी. जळमटासारखं काळं काळं निघत होतं. शेवटचा तुकडा खोल अडकला आणि मधेच तुटला, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याच्या टेम्पोचा भोंगा वाजला.

"बाबा, राहू द्या आता."

"टाका अर्ध्यावर सोडायचा नसतो. सुई दे ती. वाकडी कर पुढून."

मुलीने दगडावर ठोकून सुई वाकवली. मास्तरांनी ती आत घातली, फिरवली, आणि तुकडा बाहेर आला. अंगठ्याएवढा. खाच पुसली, वाळवली, सिलिकॉनचा स्प्रे मारला. भंगारवाला दारात उभा होता.

"दाब."

मी वर गेले. सर्र. मला स्वतःलाच खरं वाटेना. खाली. परत वर. आणि वर पोचताना काच थोडी खडखडली.

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "खडखडू दे. आता दाढ काढलीय मी ती."

भंगारवाल्याने दोनदा बटण दाबून बघितलं. "चांगली चालते की. मग मला कशाला बोलावलं?"

"चहा प्यायला," बाई म्हणाल्या.

आम्हा दोघींना परत आपापल्या दारात बसवायचं मास्तरांनी टाळलं. चालतंय ना, मग कशाला परत उसवायचं. म्हणून मी पुढेच राहिले आणि ती मागे, छत्रीशेजारी. खरं सांगू? दुसऱ्या दिवशी मला तिचाच हेवा वाटला. निवांत बसलेली असते. खोड जाता जात नाही.

पण त्या दिवशी सकाळी एक गोष्ट झाली. मुलीने गाडी सुरू केली, माझी काच वर घ्यायला बटण दाबलं, आणि मास्तरांचे दोन्ही हात आपोआप काचेवर आले. गरज नव्हती. त्यांनाही ते कळलं. हात तसेच राहिले, ना लावलेले ना काढलेले. मुलगी बोलणार होती, आता नको हो बाबा. मला तिचा श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "हं, ढकला."

"चल गं बाई," मास्तर म्हणाले.

आणि मला कळलं की ही शाबासकी कधीच मोटरची नव्हती. मी उगाच इतकी वर्षं जळत बसले.

मित्रांनो, काच मंद झाली की बटण दाबून धरू नका, मोटरला नावं ठेवू नका. आधी खाचेत बोट फिरवून बघा, कधीतरी आपणच तिथे काहीतरी ठोकलेलं असतं. खाच पुसत जा. आणि मागे कुणी बसत नसलं तरी मागचं बटणही अधूनमधून दाबत जा, कारण आता तिथे माझी मैत्रीण आहे.

तिला मी तारेतून सांगितलंय, ते तुमच्यासमोर परत सांगते. ऐक गं. तू ओढलंस तेवढं माझ्याने व्हायचं नाही, आणि त्याची आता गरजही नाही. पण मास्तरांचे हात काचेवर असेपर्यंत मी जरा हळूच जाईन. त्यांच्या हातांच्या आधी मी कधीच वर पोचणार नाही.